कोंबडीचे ऋण

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असता कोंबडीचा विषय काढणे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही काढते, कारण या प्राण्याने माणसापुढे एक नैतिक पेच टाकला आहे, आणि तो केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तुमचाआमचाही आहे.

अंडाशयाचा कर्करोग मोठा लबाड. पोट फुगल्यासारखे वाटते, दोन घासांत भूक भागते. बाई म्हणते, वायू झाला असेल. माझी आत्या असेच म्हणत ओवा चावीत राहिली, आणि रोग कळला तेव्हा तो पोटभर पसरला होता. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन नियमित तपासणीचा मोठा प्रयोग झाला. पण तिने मृत्यू घटले नाहीत, असा निष्कर्ष 2021 साली निघाला. रोगाची सुरुवात बाईच्या पोटात पाहता येत नाही, म्हणून ती दुसऱ्या जिवात पाहावी लागते.

उंदराला हा रोग आपणहून क्वचितच होतो. त्याची जनुके बदलून किंवा कर्कपेशी टोचून तो द्यावा लागतो. अंडी घालणाऱ्या कोंबडीला मात्र, म्हातारी होऊ दिली तर, तो आपणहून होतो. आणि बाईप्रमाणेच पोटात पाणी होऊन पसरतो. असे का व्हावे? महमूद फथल्ला या इजिप्तच्या वैद्याने 1971 साली एक तर्क मांडला. बीज बाहेर पडताना दर वेळी अंडाशयाला बारीक जखम होते व ती भरून येते. हे अखंड चालले तर कधीतरी बिघडते. आज यांतील बरेच कर्करोग बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतात असे मानतात. तरी गर्भारपणांनी व गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका कमी होतो, हे या तर्काशी जुळणारेच आहे. रानकोंबडी वर्षाकाठी दहापंधरा अंडी घालते. आपण निवडून निवडून वाढवलेली कोंबडी तीनशेच्या घरात जाते.

म्हणजे आपल्या न्याहारीसाठी जिला विसावा ठेवला नाही, तिच्याच दुखण्यावरून आता आपण आपले दुखणे वाचू पाहतो. पेच येथेच आहे. ती जितकी आपल्यासारखी, तितकी शास्त्राला उपयोगी. आणि जितकी आपल्यासारखी, तितके तिचे दुःख नजरेआड करणे कठीण. प्रयोगशाळेत 'ही आपल्यासारखीच' म्हणावे आणि दाराबाहेर आल्यावर 'छे, कोंबडी ती!' म्हणावे, हे कसे चालेल?

मग प्रयोग बंदच करावेत काय? आत्याच्या उशाशी रात्री काढलेली मी तसे म्हणणार नाही. पण प्रयोगाप्रयोगांत फरक असतो. अमेरिकेत इलिनॉयच्या संशोधकांनी म्हाताऱ्या कोंबड्यांना वर्षभर जवस खाऊ घातले. रोग टळला नाही, पण त्याचा जोर कमी दिसला. (एवढ्यावरून जवसाच्या चटणीला कुणी औषध समजू नये.) रसेल आणि बर्च या ब्रिटनमधल्या दोघांनी 1959 सालीच तीन गोष्टी सांगून ठेवल्या: प्राण्यावाचून भागत असेल तर भागवा, लागतील तेवढेच घ्या, आणि घेतलेल्याला कमीत कमी दुखवा. कुठल्याही जाणत्या गृहिणीला पटावे असे हे शहाणपण आहे.

आपल्याकडे वसुबारसेला गायवासराची पूजा होते, आणि त्या दिवशी कित्येक बायका दूधदुभते वर्ज्य करतात. हळदकुंकू लावणे सोपे; एक दिवस हात आवरणे, हा त्या व्रताचा खरा गाभा. कोंबडीची बारस काही आपल्या पंचांगात नाही. पण जिच्याकडून अंडे घेतले आणि आता ज्ञानही घेतो आहोत, तिच्या बाबतीत हात कुठे आवरायचा, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. ती काही मागायला येणार नाही.