कॉकपिटमधला विनोद

१९ जुलै १९८९. डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाचं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत कॅप्टन अल हेन्स विमान कसंबसं सू सिटीकडे आणत होते. नियंत्रकाने कळवलं, हव्या त्या धावपट्टीवर उतरा. हेन्स हसले. ‘म्हणजे धावपट्टीच हवी’, अशा अर्थाचा टोला त्यांनी हाणला.

ही बेफिकिरी नव्हती. घाबरलेल्या माणसाची नजर एकाच गोष्टीवर खिळते, कान बंद होतात. अशा वेळी कॅप्टनने थट्टा केली की शेजारच्यांना उमगतं, याचं डोकं ताळ्यावर आहे, याला काही सुचवता येईल. प्रवाशांमध्ये बसलेले प्रशिक्षक-वैमानिक डेनिस फिच पुढे येऊन थ्रॉटल सांभाळत होते. सगळं आटोपलं की बिअर घेऊ, असं ते म्हणाले. एरवी दारू न पिणाऱ्या हेन्सनीही होकार भरला. उतरताना विमान कोसळलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले.

याउलट १९७७ साली टेनेरिफच्या विमानतळावर झालेली दोन विमानांची टक्कर. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने ती झटकून टाकली आणि इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं गेली. वरिष्ठाला टोकायला आणि कनिष्ठाचं ऐकायला शिकवणारं प्रशिक्षण पुढे सुरू झालं. सू सिटीत जे साधलं, त्याचं श्रेय हेन्सनी त्याच प्रशिक्षणाला दिलं.

पण मोकळेपणालाही वेळकाळ असतो. १९७४ साली शार्लटला धुक्यात उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पांत रंगले होते. उंचीकडे दुर्लक्ष झालं आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. म्हणून १९८१ पासून अमेरिकेत दहा हजार फुटांखाली, उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यांत, कामाखेरीज बोलायला मनाई आहे.

हा नियम विनोदाच्या विरोधात आहे, असं मला वाटत नाही. गप्पा लक्ष पळवतात. हेन्स यांची थट्टा हातातल्या कामाबद्दलच होती आणि तिने सगळ्यांना त्या कामाशी बांधून ठेवलं. साहेबाच्या विनोदावर हसावंच लागतं, अशी कार्यालयं आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या विनोदानंतर हाताखालच्या माणसाला ‘साहेब, तुमचं चुकतंय’ असं म्हणता येतं, तोच माणसं वाचवतो.