न छेडलेला गंधार

पंखा बंद करा.

फ्रिजची घरघर ऐकू येते का? तोही थोडा वेळ बंद राहू दे. खिडकी लावून घ्या.

आता बसा.

रेकॉर्डिंग पाठवायचं आहे. शिष्यवृत्तीसाठी असेल, महोत्सवाच्या निवडीसाठी असेल. समोर फोन आहे, शेजारी माइक. त्यांच्याकडे आत्ता बघू नका.

श्वास घ्या. सोडा.

तानपुरा जवळ घ्या. आधी जोड मिळवा, दोन्ही तारा एकमेकींत विरघळेपर्यंत. मग खर्ज. मग पंचम. खुंटी पिळून झाली की मणी सरकवा, अगदी केसभर.

घोडीवर तारेखाली दोरा आहे. जरा पुढे. जरा मागे. जवारी खुलेल तिथे बोट आपोआप थांबतं.

थांबा. ऐका.

पंचम, जोड, जोड, खर्ज. बोटं सावकाश फिरू द्या.

आता फक्त खर्जाकडे लक्ष द्या. तार छेडून झाली, बोट उचललं, आणि घुमारा पसरतोय. त्या घुमाऱ्यात वर कुठेतरी एक स्वर उमलतो.

गंधार.

तानपुऱ्याला गंधाराची तारच नाही. तो कुणी छेडलेला नाही. म्हणून तर त्याला स्वयंभू म्हणतात.

ऐकू आला? नसेल, तर पुन्हा खर्ज. तो पेटीच्या गंधाराहून किंचित उतरलेला असतो, म्हणून कान तिथे शोधत राहतो. जरा खाली या. डोळे मिटा. पुन्हा ऐका.

यमन गायचा आहे ना? यमनाचा वादी हाच. तुम्ही तोंड उघडण्याआधी राग खोलीत येऊन बसला आहे. मला वाटतं, सगळी तयारी या एका गोष्टीसाठी करायची: तो आल्याचं ऐकू येईपर्यंत गप्प राहता यावं.

मन पुढे पळेल. ऐकणारे कोण असतील? पहिल्या मिनिटातच ठरवतील का? तानेला दम पुरेल का?

पळू द्या. पुन्हा खर्ज.

वेळ थोडा वाटतो. विलंबित, द्रुत, सगळं मोजक्या मिनिटांत. अशा वेळी अब्दुल करीम खाँसाहेब आठवावेत. मिरजेत राहिलेले, तिथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावलेले. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला त्यांना जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. त्या तबकड्या आज ऐका. सुराला कुठेही घाई नाही. तीन मिनिटांतही स्वर आपल्या जागी पोचतो, तिथे राहतो, मगच पुढे सरकतो. मला हे दर वेळी नवल वाटतं, आणि दर वेळी धीर येतो.

श्वास घ्या. खांदे सैल सोडा.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला? वाजू दे. गंधार अजून तिथेच आहे. ऐका.

आता लाल बटण दाबा.

लगेच गाऊ नका. तानपुऱ्याची दोन-तीन आवर्तनं आधी जाऊ द्या. जो कुणी हे ऐकेल, त्याच्याही कानाला तो स्वर सापडू दे.

सा लावा. मोठा नको. तानपुऱ्यात मावेल एवढा.

राहा तिथे. वाटेल तेवढं राहा.

मग मंद्र निषाद, रिषभ, आणि गंधार. तबलजींना सांगून ठेवलंय ना, मी मुखडा घेतल्याशिवाय ठेका धरू नका म्हणून?