वाचावयास वेळ नाही!

‘वाचण्याची इच्छा पुष्कळ आहे, पण वेळ मिळत नाही,’ हे वाक्य हल्ली इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारच्या लोकांच्या तोंडून ऐकावयास मिळते की, ते खरे की खोटे याचा विचार करण्याचेही कोणी मनात आणीत नाही. पाऊस लांबला, मासळी महागली, तसेच हे. बोलणाऱ्याने बोलावे, ऐकणाऱ्याने मान हलवावी आणि दोघांनी आपापल्या वाटेने जावे. प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य अनेकदा उच्चारिले आहे, आणि ते उच्चारताना आपण काही असत्य बोलत आहो अशी शंका त्याच्या मनास कधी शिवली नाही. परंतु मध्यंतरी एक लहानसा प्रसंग घडला आणि या वाक्याकडे जरा निरखून पाहणे भाग पडले.

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ सालापासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळण्यात येतो. त्या दिवशी विद्यार्थ्यांस वाचनाचे महत्त्व पटवून देण्याचे काम आमच्या महाविद्यालयात वयोमानाने माझ्याकडे आलेले आहे. त्याप्रमाणे मी बोललो. भाषण बरे झाले असे सहकाऱ्यांनी सांगितले. शेवटी प्रश्न विचारण्यास सांगितले असता दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली व तिने अगदी साध्या सुरात विचारले, “सर, या वर्षी आपण कोणती पुस्तके पूर्ण वाचली?” तिच्या प्रश्नात खोचकपणाचा लेशही नव्हता. तिला नावे हवी होती. ग्रंथालयात जाऊन ती पुस्तके मागावयाची होती. मी दोन नावे सांगितली. त्यांपैकी एक पुस्तक मी तीस वर्षांपूर्वी वाचले होते, आणि दुसऱ्याची पहिली पन्नास पाने वाचून ते उशाशी ठेवून दिले होते. असत्य भाषण, आणि तेही वाचनाच्या व्यासपीठावरून!

त्या रात्री मी माझ्या वेळेचा हिशेब मांडला. हल्लीची दूरध्वनी-यंत्रे मोठी प्रामाणिक असतात. आपण त्यांच्या संगतीत किती वेळ घालविला याची नोंद ती स्वतःच ठेवतात आणि विचारल्यास निमूटपणे दाखवितात. माझी नोंद दररोज सरासरी दोन तास दहा मिनिटे अशी निघाली. आता मध्यम गतीचा मराठी वाचक तासाला वीस पाने सहज वाचू शकतो असे धरू. रोज केवळ अर्धा तास दिला तरी दहा पाने होतात. वर्षाची तीन हजार सहाशे पन्नास. म्हणजे तीनशे पानांची बारा पुस्तके! ज्याला वर्षाकाठी बारा पुस्तकांचा वेळ नाही म्हणून तो रडत होता, त्याच्याजवळ पन्नास पुस्तकांचा वेळ रोज येऊन परत जात होता. तेव्हा ‘वेळ नाही’ हे माझे विधान, निदान माझ्यापुरते तरी, खोटे ठरले.

मग ते इतके खरे का वाटते? मला वाटते, याचे एक कारण आपल्या भाषेतच सापडेल. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचतो तो एक. पैसा वाचतो, वेळ वाचतो, संकटातून जीव वाचतो, तो दुसरा. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवू. परंतु व्यवहारात आपण या दोन अर्थांची गाठ घालून टाकली आहे खरी. जो वेळ वाचेल तो वाचनात घालवावयाचा, असा आपला संकल्प असतो. नोकरी, संसार, लग्नकार्ये, बँकेतील कामे, या सर्वांची देणी भागल्यावर जे शिल्लक राहील ते वाचनाचे. आणि शिल्लक कधी काही राहत नाही. राहिले तर त्यावर टपून बसलेले दुसरेच कोणी असते.

हे ‘दुसरेच कोणी’ आजचे नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. आमच्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, पोंभुर्ले नावाचे गाव आहे. तेथील बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र काढिले व पुढे १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिकही सुरू केले. १८४६ साली ऐन तारुण्यात ते निवर्तले. ‘दर्पण’ प्रथम पाक्षिक होते, काही महिन्यांनी ते साप्ताहिक झाले. म्हणजे आरंभीच्या वाचकास एक अंक हाती आल्यावर दुसरा येईपर्यंत पंधरा दिवसांची उसंत होती. पुढे साप्ताहिकाचे दैनिक झाले, दैनिकानंतर आकाशवाणी आली, मग दूरदर्शन. आणि प्रत्येक वेळी वडीलधाऱ्यांनी ‘आता वाचन संपले’ असा उसासा टाकिला. कादंबरी नवीन होती तेव्हा कादंबऱ्या वाचणे हाच वेळेचा अपव्यय असे मानणारे विद्वान होतेच. तेव्हा नव्या यंत्रास शिव्या देऊन मोकळे होण्यात अर्थ नाही.

तथापि एक भेद आहे, आणि तो केवळ प्रमाणाचा नव्हे. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुढे ज्यांस मिळाले त्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच असा विचार मांडला होता की, माहिती ही घेणाऱ्याचे अवधान खाऊन जगते; माहितीची सुबत्ता झाली की अवधानाचा दुष्काळ पडावयाचाच. त्यावेळी हे भाकित होते. आज तो धंदा झाला आहे. पूर्वीच्या प्रत्येक करमणुकीला शेवट असे. वृत्तपत्राचे शेवटचे पान येई, दशावताराचा खेळ पहाटे संपे, पोथीचा अध्याय संपून आरती होई. २००६ सालच्या सुमारास संगणकाच्या पडद्यावर अशी एक योजना निघाली की, पान बोटाने वर सारावे आणि खालून नवे येतच राहावे. ज्याला तळ नाही अशा पानावरून माणूस उठणार कोणत्या ठिकाणी? तो आपल्या इच्छेने उठत नाही. झोप त्याला उठविते.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, पूर्वी शांतता होती, म्हणून वाचन होत असे.’ हेही मला पुरते पटत नाही. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते. एका आडगावच्या शाळेचा संसार ओढीत असतानाच त्यांनी ‘हृदयाची हाक’ आणि ‘उल्का’ या कादंबऱ्या लिहिल्या. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवीत. खानावळीच्या गल्ल्यावर बसलेल्या मनुष्यास शांतता कितपत मिळत असेल, याची कल्पना कोकणातील खानावळी पाहिलेल्या वाचकांनी करावी. शांतता उपयोगी असेल. परंतु ती मिळाल्यावर वाचू असे म्हणणारा तिच्या अभावी जितके वाचतो, तितकेच तिच्या सान्निध्यातही वाचतो.

आता खरा प्रश्न. मी वाचले नाही तर त्यात नीतीचा संबंध काय? वाचन हा एक छंद आहे. कोणाला तो असतो, कोणाला नसतो. समुद्राचे पाणी पाहून वाऱ्याचा अंदाज बांधणारा तांडेल एकही पुस्तक न वाचता माझ्याहून शहाणा असू शकतो, आणि दिवसभर राबून आलेल्या बाईने तासभर पडद्यावरील गमती पाहिल्या तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणत्याही प्राध्यापकास नाही. हा आक्षेप मी मान्य करितो. न वाचणे हे पाप नव्हे. परंतु ज्याला वाचण्यासाठी म्हणूनच फुरसत देण्यात आली, त्याचे न वाचणे ही निराळी गोष्ट आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी मला माझ्या घरात जावे लागेल.

१९८१ साली, ज्या वर्षी रत्नागिरीतून आमचा सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच वर्षी माझे आजोबा वारले. चातुर्मासात ते रोज रात्री ‘रामविजया’ची पोथी वाचीत. आषाढी एकादशीस आरंभ करून कार्तिकीपर्यंत चाळीस अध्याय पुरे करावयाचे, असा घरचा नेम होता. त्यांच्या मागे हे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ऐकावयास आजी, शेजारच्या दोघी वृद्धा आणि एक तांडेल असे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकलेल्या असत. तांडेल जाळ्याची डागडुजी करीत भिंतीशी बसे. वीज बहुधा गेलेली असे. घरात कंदील एकच, आणि तो पोथीजवळ. आजी माजघराच्या दाराशी अंधारात बसून तांदूळ निवडी. खडे तिला बोटांना कळत. तिला अक्षरओळख नव्हती. काजूच्या बिया आणि नारळ विकून तिने मुलांच्या, आणि पुढे माझ्याही, शाळेची फी भरली होती.

एके रात्री मला फार झोप येत होती. सेतुबंधनाची कथा चालली होती. मी दोन पाने एकदम उलटली व पुढून वाचू लागलो. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, “झिला, मधला कायतरी रवला.” मी म्हणालो, “नाय गो आजये, सगळा वाचलंय.” ती रागावली नाही. जे राहिले होते ते तिने आपल्या शब्दांत सगळे सांगितले. तांडेलाने जाळ्यातून मान वर करून माझ्याकडे पाहिले; समुद्रावरच्या त्या प्रकरणात त्याला विशेष रस होता. मग आजी म्हणाली, “आता वाच.” मी दोन पाने मागे आलो आणि वाचले.

भाषणाच्या रात्री मला या प्रसंगाची आठवण झाली ती उगीच नव्हे. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने मी तीच लबाडी केली होती. न वाचलेले वाचले म्हणून सांगितले होते, आणि तेही अशा व्यक्तीस की जिला त्या वाचनाची खरोखर गरज होती.

ग्रीक भाषेत फुरसतीला ‘स्कोले’ म्हणत. इंग्रजांच्या शाळेचा शब्द त्यावरूनच आला. फुरसत ही कामाच्या शेवटी उरणारी रिकामी जागा नसून, काम ज्यासाठी करावयाचे ते साध्य आहे, असे अरिस्टॉटलने शिकविले. विचार उदात्त आहे. परंतु अथेन्समधील त्या फुरसतीखाली गुलामांचे श्रम होते, हे आमचे शिक्षक आम्हांस पुढच्या वाक्यात सांगत. आमच्या घरच्या फुरसतीखाली कोण होते, हे मात्र कोणी सांगितले नाही. कंदील माझ्याजवळ होता याचा अर्थच असा की, तो दुसऱ्या कोणाजवळ नव्हता. आणि हे घरापुरतेच नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचे. ज्या काळी पुस्तक ही दुर्मीळ वस्तू होती त्या काळी कोणी तरी वर्गणी दिली, कपाटे केली, दारे उघडी ठेविली. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. तेव्हापासून या कामी ज्याने कधी पुस्तक हाती धरले नाही अशाच्याही कराचा पैसा लागत आला आहे. माझा वाचनाचा वेळ म्हणून जो मी समजतो, तो अशा रीतीने पुष्कळांनी मिळून मला दिलेला आहे. तो मी पडद्यावर उधळला तर माझेच नुकसान झाले, असे म्हणून मला सुटता येणार नाही. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली ठेव उधळणाऱ्यास जे नाव आहे, तेच मला लागू पडते.

आणखी एक गोष्ट त्या पोथीने मला उशिरा शिकविली. त्या चातुर्मासात मला वाचावयास वेळ मिळतो की नाही, हा प्रश्नच कधी उद्भवला नाही. वेळ मी काढीत नव्हतो. कोणी तरी वाट पाहत होते म्हणून तो निघत होता. चौघे जण येऊन बसले की अकरा वर्षांच्या पोराला अभ्यास, झोप, कंटाळा यांपैकी कोणतीही सबब उरत नसे. पुढे मी मोठा झालो, मुक्याने वाचू लागलो, वाचन हा माझा खाजगी आनंद झाला. आनंद वाढला हे खरे. परंतु त्याचा राखणदार गेला. खाजगी आनंदास दुसरा खाजगी आनंद केव्हाही बाजूस सारू शकतो, आणि दोहोंत जो सोपा तोच जिंकतो. वचनाचे तसे नाही. वचन मोडताना निदान कोणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे येतो.

पुढच्या आठवड्यात मी त्या विद्यार्थिनीस बोलावून खरे काय ते सांगितले. मला वाटले होते, ती संकोचेल. ती म्हणाली, “मग सर, ते पन्नास पानांवर राहिलेले कधी पुरे होईल?” मी म्हणालो, नाताळच्या सुट्टीपूर्वी. तिनेही ग्रंथालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत नेली.

तेव्हापासून रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास यंत्र माजघरातील कपाटात राहते आणि मी पडवीत बसतो. हा काही मोठा निग्रह नव्हे. पहिले दहा-बारा दिवस हात सारखा खिशाकडे जाई, आणि दर दोन पानांस मनात काही तरी निराळेच येई; एका पानावर तर मी तीन दिवस होतो. पण पुस्तक पुरे झाले. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी ती विद्यार्थिनी आली, आणि शेवटाविषयी काही न विचारता मधल्या एका प्रकरणाविषयी विचारू लागली. ते प्रकरण थोडे कंटाळवाणे आहे. मी ते वाचले होते.