भाकड दिवसांचा धनी कोण?

असीरगडास नाव मिळाले ते कोणा राजाचे नव्हे. फिरिश्त्याने नोंदविलेल्या कथेप्रमाणे आसा नावाचा एक अहीर हजारो गुरे राखून या डोंगरावर राहत असे आणि त्याच्यावरूनच गडाचे नाव पडले. १६०१ मध्ये अकबराने गड घेतला, १७६० साली उदगीरच्या विजयानंतर तो पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला; नाव मात्र त्या गुराख्याचेच राहिले. अशा मुलखात गाईविषयी एक साधा प्रश्न विचारणे अस्थानी ठरू नये. गाभण गाईचे शेवटचे दोन महिने कोणाच्या मालकीचे?

आपल्या भाषेने निकाल आधीच देऊन टाकला आहे. दूध न देणारी गाय ती भाकड, आणि निरर्थक गोष्ट ती भाकडकथा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा. व्याल्यावर तीनेक महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली, तर पुढचे जवळजवळ सात महिने ती घराला दूधही पुरविते आणि पोटातला जीवही वाढविते. वासराची बहुतेक वाढ अखेरच्या तिमाहीत होते. त्याच सुमारास कासेतील झिजलेल्या पेशी नव्याने घडतात आणि चीक तयार होऊ लागतो. म्हणूनच पशुवैद्यकाच्या हिशेबात वर्षाचे ३०५ दिवस दुधाचे आणि ६० विश्रांतीचे.

गाय आटविण्याची रीत जाणत्यांना ठाऊक आहे. दोन वेळची धार एका वेळेवर आणावी, सरकीची ढेप कमी करावी, मग धार बंद. येथे पुष्कळांचे मन द्रवते. कास ताठलेली दिसते आणि ‘थोडी हलकी करू’ म्हणून हात जातो. परंतु कास रिकामी केली की दूध पुन्हा उतरू लागते. भरल्या कासेचा दाबच ते आटवितो. या प्रसंगी दया म्हणजे हात आवरणे. (कास लाल, गरम वा दुखरी झाली तर गोष्ट निराळी, तेव्हा डॉक्टरांस बोलवावे.)

विश्रांती दिली तर पुढच्या वेताला दूध वाढेल, असे व्यवहारी माणूस सांगतो. ते खरे आहे. तथापि आम्हांस ते कारण पुरेसे वाटत नाही. आपल्या निमाडी गाईचेच पाहा. तांबड्या अंगावर पांढरे शिंतोडे असलेली ही जात मुख्यतः बैलांसाठी राखली गेली, दूध बेताचेच. तिच्या विश्रांतीतून नफा थोडा, म्हणून तिचे दिवसही थोडे करावेत काय? सरकारी नियमावलीत ‘रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही’ असे कलम असते. आम्ही त्या नियमाखाली उभी हयात घालविली. पण कर्मचारी निदान अर्ज तरी करू शकतो. गाईच्या वतीने दिवस मोजणारा तिचा धनीच, आणि दुधाचा लोभ असणाराही तोच.

वसुबारसेला आपल्या घरांतून गाईचे दूध वर्ज्य असते. दूध मुळात वासराचे, ही कबुली वर्षातून एक दिवस आपण देतोच. साठ दिवस देणे मात्र जड जाते, आणि सर्वांत जड जाते ते एकाच गाईच्या घराला. सातव्या महिन्यातही ती दोन-तीन लिटर देत असते, घरात लहान मूल असते, किंवा त्याच दुधावर किराणा येतो. अशा घराला गोमातेचा उपदेश करण्यात आम्हांस स्वारस्य नाही. आमच्या मते दिवस तेथेही कमी करू नयेत. मात्र त्यांचा सारा भार त्या एका चुलीवर टाकू नये. गावच्या दूध संस्थेने पुढच्या वेताच्या दुधावर दोन महिन्यांची उचल देण्यास काय हरकत आहे? पेरणीआधी पीककर्ज देताना, शेत आज रिकामे का, असे कोणी विचारीत नाही.