गाठीला चेहरा

बसा. पाठ टेकायची असेल तर टेका. आडवं पडूनच बरं वाटत असेल तर तसंही चालेल. जुनं दुखणं अंगावर वागवणाऱ्याला ताठ बसायचा आग्रह कुणी करू नये. शेजारी शाडूचा ओला गोळा असेल तर उत्तम. नसेल तर तळवे नुसते उघडे राहू द्या.

आता दुखण्याकडे लक्ष न्या, पण त्याचं नाव घेऊ नका. संधिवात, मधुमेह, दमा ही नावं फायलीवर असतात आणि फायलीच्या आत आकडे असतात. साखर किती, ईएसआर किती, हिमोग्लोबिन किती. डॉक्टरांना ते लागतात, त्यांचं काम त्यावर चालतं. पण सकाळी बोटं वळत नाहीत तेव्हा अंगात जे असतं त्याला वजन असतं, कड असते, कधी कधी ऊबही असते. ते नेमकं कुठे आहे? केवढं आहे? टणक आहे की लिबलिबीत? एका जागी बसलंय की सरकतंय? उत्तराची घाई नाही. श्वास येऊ-जाऊ द्या.

असंच स्वतःच्या शरीराकडे बघत राहिलेल्या एका बाईची सोबत आज घेऊ या. अलिना शापोचनिकोव. 1926 साली पोलंडमधल्या कालिश गावी, ज्यू घरात जन्मलेली. पोरवयातच नाझींचा घेट्टो, मग ऑशविट्झ आणि बर्गन-बेल्सनच्या छळछावण्या. त्याविषयी ती पुढे चारचौघांत जवळजवळ बोललीच नाही. युद्धानंतर प्राग आणि पॅरिसला शिल्पकला शिकत होती, तर पोटाच्या क्षयाने गाठलं. जीव वाचला, पण मूल होण्याची आशा गेली.

1962 मध्ये तिने स्वतःच्या पायाचा साचा घेतला. इथे जरा रेंगाळू. कालवलेलं प्लास्टर कातडीवर पडतं तेव्हा गार लागतं. मग ते आवळत जातं आणि घट्ट होता होता चक्क गरम होतं. तेवढा वेळ हलायचं नाही. खाज आली तरी नाही. उतरवल्यावर आत बघावं तर कातडीची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक वण उलटा उमटलेला. आपणही आजारपणात कितीतरी तास असे न हलता काढलेत आणि ते फुकट गेले म्हणून हळहळलो आहोत. त्यातला एखादा तास आठवा. अंगाखालची गादी, छताचा तुकडा, कानावर येणारे स्वयंपाकघरातले आवाज. त्या तासाचा ठसा तुमच्यात कुठे राहिलाय, तेवढंच बघा.

1969 मध्ये तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं. तेव्हा ती पॅरिसला राहत होती. त्यानंतरच्या शिल्पांच्या एका मालिकेला तिने आडपडदा न ठेवता 'ट्यूमर' हेच नाव दिलं. पॉलिस्टर रेझिन, जखमेवर बांधतात ते गॉझ, चुरगळलेले फोटो, वर्तमानपत्राचे कागद, असला ऐवज. रेझिन आधी पातळ असतं. हार्डनर मिसळला की घट्ट होऊ लागतं, आणि आत जे सापडलं ते कायमचं अडकतं. म्हणून या गाठींच्या आत, पिवळसर धुरकट थराखाली, आठवणी दिसतात. 1971 मध्ये तिने आणखी गाठी घडवल्या आणि त्यांना चेहरा दिला. स्वतःचा. वॉर्साच्या झाखेंटा कलादालनाच्या संग्रहातल्या या गाठी लहानमोठ्या आहेत. त्या चौथऱ्यावर उभ्या नसतात, खाली खडीवर पडलेल्या असतात.

मला हे फार मोठं धाडस वाटतं. आजाऱ्याने झुंजावं, जिंकावं, निदान हसतमुख राहावं असा सगळ्यांचा आग्रह असतो. तो प्रेमापोटी असतो हे खरं, पण त्याने माणूस दमतो. अलिनाने झुंजीचं शिल्प केलं नाही. जे आत वाढत होतं ते तिने बाहेर आणून ठेवलं. हातात घेता येईल, फिरून मागून बघता येईल, सोडून दुसऱ्या खोलीत जाता येईल असं.

आता गोळा हातात घ्या. मघाशी जे सापडलं होतं, त्याचाच आकार होऊ द्या. मूर्ती घडवायची नाही, सुबक तर अजिबात नाही. बोटं आखडलेली असतील तर तळव्याने दाबा. तळव्यात जोर नसेल तर गोळा मांडीवर ठेवून मनगट टेकवा. जोर नसल्याचाही ठसा उमटतो आणि तो खरा असतो. दुखणं पसरट असेल तर पसरट, अणकुचीदार असेल तर टोक काढा. आज आकारच सापडत नसेल, नुसता थकवा असेल, तर गोळा तसाच राहू द्या. तोही आजचा आकार आहे. उद्याचा वेगळा असेल. रोज थोडं बदलणारं दुखणं इतरांना समजावून सांगणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काल तर बरी होतीस, असं ऐकून गप्प बसावं लागतं. शाडू पाण्यात भिजवून पुन्हा मळता येतो. कालचं दुखणं आणि आजचं दुखणं शेजारी शेजारी ठेवून दाखवताही येतात.

झाल्यावर त्याला चेहरा द्यावासा वाटतो का, स्वतःला विचारा. वाटलं नाही तर देऊ नका. वाटलं तर तो कुणाचा, हे बोटांना ठरवू द्या.

अखेरच्या काळात, 1971-72 मध्ये, अलिनाने दत्तक घेतलेल्या मुलाच्या, प्योत्रच्या, शरीराचे साचे घेतले. ते ठसे चपटे करून फळ्यांवर बसवले आणि मालिकेला 'हर्बेरियम' म्हटलं. वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं वाळलेली पानं चिकटवून ठेवतात ती वही. मार्च 1973 मध्ये ती गेली, सेहेचाळिसाव्या वर्षी. स्वतःच्या गाठी घडवता घडवता तिचं लक्ष जवळच्या माणसाच्या तरुण, धडधाकट देहाकडे गेलं, हे मला त्या गाठींइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या घरात औषधाच्या गोळ्यांचा डबा भरून ठेवणारं, रात्री उठून पाणी देणारं कुणीतरी असेल. तुमचे हात आता ओले आहेत, मातीही उरली आहे. त्यांच्या हाताचा ठसा घ्यायचा असेल तर आधी विचारा. माती गार लागेल हे सांगा, आणि थोडा वेळ हलायचं नाही, हेही.