मीठ, सोडा आणि पाणी

जिभेचं टोक सावकाश खालच्या दातांमागून फिरवा. मग ते गालाच्या आतल्या बाजूला टेकवा. तिथं मऊ, ओलसर अस्तर लागेल. ते रोज झिजतं आणि रोज नव्यानं तयार होतं, पण एरवी आपल्याला त्याची आठवणही होत नाही. जीभ तिथंच राहू द्या. घाई नाही.

केमोथेरपीची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशाच वाढतात आणि या अस्तराच्याही. औषधाला दोन्हींत फरक कळत नाही. सलाइन संपतं, माणूस घरी येतो आणि साधारण आठवडाभरानं तोंड येतं. उष्णतेनं येतं तसलं नव्हे. मऊ वरणभातही उतरत नाही, कोमट चहाही झोंबतो, आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येतं. घरात कुणाचं असं आजारपण काढलं असेल, तर ताट हळूच बाजूला सारणारा तो हात तुम्हाला आठवेल. त्या हातापाशी थोडं थांबा.

त्या वेळी जवळ डॉक्टर नसतात, नर्सही नसते. पुढची तारीख अजून लांब असते. मग मधल्या दिवसांत तो माणूस स्वतःसाठी नेमकं काय करतो?

हाच प्रश्न मॅरिलिन डॉड यांनी आयुष्यभर लावून धरला. त्या मूळच्या नर्स, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नर्सिंगच्या प्राध्यापक आणि संशोधक. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी केमो घेणाऱ्यांनाच विचारलं, की त्रास काय होतो आणि त्यावर तुम्ही काय करता. कोणत्या त्रासावर काय करायचं हे ज्यांना आधी नीट सांगितलं होतं, ती माणसं स्वतःची काळजी अधिक घेत होती. ऐकायला किती साधं वाटतं! पण कुणीतरी ते मोजून दाखवल्याशिवाय त्या सांगण्याला नर्सच्या कामाच्या वेळात जागा मिळत नाही.

आता मनासमोर औषधांच्या तीन बाटल्या ठेवा. एकात मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी. दुसऱ्यात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक. तिसऱ्यात तोंड बधिर करणारं लिडोकेन, एक अ‍ॅलर्जीचं औषध आणि एक अ‍ॅसिडिटीचं, असं मिश्रण. त्याला अमेरिकेत ‘मॅजिक माउथवॉश’ म्हणतात. नावातच जादू असली, की विकणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. डॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केमोमुळे तोंड आलेल्या 142 जणांमध्ये ही तीन औषधं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटली. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं, तपासणाऱ्यालाही नव्हतं. 2000 साली निकाल छापून आला. तोंड बरं व्हायला लागलेल्या वेळात तिन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांत स्वस्त होतं ते मीठ-सोड्याचं पाणी.

इथं मन लगेच म्हणेल, हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होतं. तो विचार येऊ द्या, पण त्यावर विसंबू नका. आजीला मिठाच्या गुळण्या ठाऊक होत्या. दुकानातली महागडी बाटली त्याहून सरस नाही, हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते कळायला कुणीतरी कित्येकांच्या तोंडात बॅटरी मारून, पुन्हा पुन्हा बघून, नोंदी ठेवाव्या लागल्या. ‘फरक नाही’ हा काही पेढे वाटावेत असा निकाल नव्हे. त्याआधी 1996 मध्येही डॉड यांच्या गटानं 222 जणांत पाहिलं होतं, की तोंड येऊ नये म्हणून दिलेलं क्लोरहेक्सिडिन नुसत्या पाण्यापेक्षा वरचढ ठरत नाही. दोन्ही गटांना तोंडाची निगा शिस्तीनं कशी राखायची ते शिकवलं होतं. मला या संशोधनात सर्वांत मोलाची वाटते ती ही शिकवणी. बाटली कोणतीही असो, शिकवणारी नर्स दोन्हीकडे होती.

आता श्वास सोडा आणि तोंडापासून सगळ्या शरीराकडे या. दुखणं असतं, म्हणून झोप लागत नाही. झोप नाही, म्हणून थकवा. थकलेल्याला दुखणं जास्त जाणवतं. आपण मात्र एकेक तक्रार सुटी धरतो आणि प्रत्येकीसाठी वेगळी गोळी शोधतो. 2001 मध्ये डॉड, क्रिस्टीन मियास्कोव्स्की आणि स्टीव्हन पॉल यांनी लिहिलं, की ही लक्षणं झुबक्यानं येतात आणि माणसाचं रोजचं हिंडणंफिरणं त्यांच्या एकत्रित भारानं मंदावतं. नंतरच्या बऱ्याच संशोधनाला तिथून दिशा मिळाली.

तुमच्या ओळखीत कुणाची केमो चालू असेल, तर त्या व्यक्तीला मनासमोर आणा. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ती ‘ठीक आहे’ म्हणेल. त्याऐवजी आज रात्री विचारायचे तीन प्रश्न मनात घोळवा: कुठं दुखतं, किती वाजेपर्यंत जाग होती, दिवसभरात कोणतं काम अर्धं सोडावं लागलं. उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मग तारीख घालून ते वहीत लिहा, आणि पुढच्या खेपेला केसपेपरबरोबर ती वहीही न्या.