बाजरीच्या भाकरीचा तुकडा

सोळाच्या आसपासची एक मुलगी शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात उभी होती. दुष्काळाचे दिवस होते. मुक्कामावर आई तापाने फणफणलेली होती आणि कित्येक दिवसांची उपाशी. वडील थोड्याच दिवसांपूर्वी गेले होते. बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायचा आणि परत फिरायचं, एवढंच काम होतं.

पण तोंड उघडेना. या मुलीला आईने पहाटेच्या अंधारात झोपेतून उठवून संस्कृत शिकवलं होतं. भागवताचे हजारो श्लोक तिच्या ओठांवर होते. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून ती पुराण सांगू लागली की वाटसरू थांबत. त्याच ओठांतून ‘भाकरी द्या’ हे दोन शब्द बाहेर पडत नव्हते. त्या घराला दक्षिणा घ्यायची सवय होती, भीक मागायची नव्हती. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. डोळ्यांना मात्र आवरता आलं नाही. ते वाहू लागले.

बाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. काही खायला हवं आहे का, असं तिनेच मायेने विचारलं. मुलीने मान्य केलं, तुकडाभर भाकरी पुरे म्हणाली. भाकरी हातात आल्यावर आभाराचा शब्दही निघेना, म्हणून ती तशीच धावत सुटली. आईजवळ पोचली, पण आईला घास गिळवेना. काही दिवसांनी आई गेली.

तिरडी उचलायला माणसं मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी ती. स्मशान तीनेक मैल लांब होतं. उंची कमी असल्यामुळे तिचा खांदा तिरडीला पुरत नव्हता, म्हणून आपल्या बाजूचा भार तिने डोक्यावर घेतला. आईला खांदा देणं आपण ऐकतो. आईला डोक्यावर वाहून नेणारी मुलगी मी दुसरी ऐकलेली नाही.

मागोमाग थोरली बहीण गेली. उरली ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं अनवाणी, अर्धपोटी देशभर चालत राहिली. पंजाबात थंडी पडली तेव्हा अंगावर घ्यायला पुरेसं काही नव्हतं. झेलमच्या काठी वाळूत त्यांनी दोन खड्डे खणले, थडग्यासारखे. आत आडवं होऊन डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. मला वाटतं, पुढचं सगळं समजायचं असेल तर ही रात्र विसरून चालणार नाही. अंगभर माती ओढून घेतलेली ती दोन लेकरं सकाळी उठली आणि वाळू झटकून पुन्हा चालू लागली.

१८७८ साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पारखून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही धाकटी लेक, रमा. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेली. सहा महिन्यांची असताना वेताच्या पेटीत घालून तिला डोंगराखाली आणलं, तेव्हापासून वाटेवरच वाढलेली.

दोनच वर्षांनी श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जातीबाहेरचं, प्रांताबाहेरचं लग्न. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा नेला. रमाबाईंचं वय तेव्हा तेवीस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा असे पाच जण त्यांनी सात-आठ वर्षांत पोचवले. पदरात दहा महिन्यांची पोर. अशा बाईला त्या काळी पांढऱ्या पायाची म्हणत आणि तिने कोपरा धरावा, अशी लोकांची अपेक्षा असे.

त्या पुण्याला आल्या. त्याच वर्षी आर्य महिला समाज काढला आणि शिक्षण आयोगासमोर साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. स्वतः वैद्यकी शिकायला १८८३ साली इंग्लंडला गेल्या, पण त्यांना कमी ऐकू येत असे. कानांनी दगा दिला आणि ते दार बंद झालं. पुढे अमेरिकेत तीन वर्षांच्या आत इतकी माणसं आणि इतका पैसा जोडला, की ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचं लग्न झालं आणि महाराष्ट्र तिला बाया कर्वे म्हणून ओळखू लागला.

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात वादळ उठलं, पुढे पुण्याला हलवलेल्या शारदा सदनातून मुली काढून नेल्या गेल्या. तो वाद खरा आहे आणि आजही त्यावर लोक बोलतात. पण दारात मूग गिळून उभ्या असलेल्या मुलीला ओळखायचं कसं, हे ज्या बाईने रमाबाईंना शिकवलं, तिने त्या दिवशी फक्त भुकेलं तोंड पाहिलं होतं. मला ही गोष्ट तिथूनच सांगावीशी वाटते.

१८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना पुण्यात चैन पडेना. पोटातलं जुनं सगळं वर आलं. त्या उठून तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली, कोवळ्या विधवा रस्त्याकडेला होत्या. त्यांना फसवून विकायला नेणारी माणसंही तिथेच घिरट्या घालत होती. रमाबाईंना ऐकू कमी येई. मला नेहमी वाटतं, त्या मुली काय म्हणतात यापेक्षा त्यांचे चेहरे काय म्हणतात, याकडेच त्यांचं लक्ष आधी गेलं असेल. त्यांच्यातल्या कितीकींना मागायचं त्राणही नव्हतं. त्या वेळी दुष्काळावर लिहिताना रमाबाईंनी स्वतःच्या भाकरीच्या तुकड्याची गोष्ट लपवली नाही. वीसेक वर्षं पोटात ठेवलेली ती शरम त्यांनी सगळ्यांपुढे मांडली.

मुली पुण्यात आणल्या, तर शहरात प्लेग. नव्या माणसांना ठेवायला परवानगी मिळेना. दौंडजवळ केडगावला रमाबाईंनी आधी घेऊन ठेवलेली जमीन होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत होता. त्या माळावर राहुट्या पडल्या, विहिरी खणल्या गेल्या. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि तिथल्या मुक्ती सदनात दीड हजारांच्या वर माणसं जेवू लागली. विणकाम, शेती, स्वयंपाक, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींच्याच हाती. आंधळ्या मुलींना मनोरमा ब्रेल शिकवी. आईच्या मागे हे सगळं तीच बघणार, असं सगळे धरून चालले होते.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. चाळीस वर्षांची होती.

रमाबाई तेव्हा त्रेसष्टच्या. अंग थकलेलं, कान जवळजवळ गेलेले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, कष्टकरी बायकांना कळेल अशा मराठीत त्या बायबल उतरवत होत्या. बरीच वर्षं ते काम चाललं होतं आणि थोडं बाकी होतं. त्या पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, तोवर त्यांनी आपलं काम पुरं केलं होतं. केडगावच्या छापखान्यात त्यासाठी एकेक खिळा उचलून जुळवणाऱ्या बायकांत, कधी काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली होत्या.